टाळेबंदीत स्वतःपुरतं एकच काम: काय ठरवलंत, कसं निभावताय?

कोरा_कागद | १२ एप्रिल २०२०, सकाळी ७:४०

महाराष्ट्रातली करोनाची टाळेबंदी निदान ३० एप्रिलपर्यंत राहणार, असं काल मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. २१ दिवसांपुरती मनाची तयारी केली होती, ती आता पुरणार नाही. म्हणून हा धागा.

पाडव्यापासून व्हॉट्सॲपवर याद्या फिरताहेत. नवी भाषा शिका, वीस पुस्तकं वाचा, गिटार, केक, योगासनं. यादी वाचून चढलेला उत्साह संध्याकाळपर्यंत टिकत नाही, कारण त्यातलं काहीच आपण निवडलेलं नसतं. मला वाटतं, एकच काम घ्यावं. ते आपल्या ओढीतून आलेलं असावं, त्याचं सामान घरातच असावं, आणि रोजचा वाटा इतका लहान असावा की वाईट दिवशीही तो पुरा व्हावा.

माझं सांगते. आमच्याकडे आजोबांची एक ट्रंक आहे, तिच्यात मोडीतले कागद आहेत. जमिनीचे, देण्याघेण्याचे, काही पत्रं. पुण्यात मी मोडीचा एक वर्ग केला होता, पण नोकरीच्या धबडग्यात सराव सुटला. आता रोज मोडीची एक ओळ बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवते. सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर, ऑफिसचा लॅपटॉप उघडायच्या आत. एक ओळ झाली की त्या दिवसाचं काम संपलं. ट्रंक संपवायची असं मी मुद्दामच ठरवलेलं नाही.

एक ओळ म्हणजे फार थोडं, असं वाटेल. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो हे अर्थावरूनच ठरवायचं. कधी दहा मिनिटांत ओळ सुटते, कधी तास जातो. तो तासभर बाहेरचे आकडे डोक्यात येत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही काय धरलंय? नुसतं "चित्रकला" असं नको. रोज नेमकं काय, कधी, कशावर, ते लिहा.

रानजाई | १२ एप्रिल, सकाळी ८:१५

रुमाल टाकून ठेवते. सवडीने लिहीन. धागा आवडला.

षड्ज | १२ एप्रिल, सकाळी ११:०२

आम्ही डोंबिवलीत, वन रूम किचनमध्ये चौघं. मी गाणं शिकतो. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, आता शक्य नाही, बाबांना झोप लागत नाही आणि भिंतीपलीकडे लहान बाळ आहे. गुरुजींचा वर्ग फोनवर होतो, पण आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे एकत्र गाता येत नाही.

म्हणून गळ्याऐवजी कान आणि हात कामाला लावलेत. रोज एका बंदिशीची फक्त स्थायी, म्हणजे पहिला भाग, स्वरलिपीत लिहायची. गुरुजींनी वर्षानुवर्षं गाऊन घेतलेल्या बंदिशी आहेत, त्या तोंडी येतात पण कागदावर कुठेच नाहीत. भातखंडे पद्धतीने लिहितो: मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली, खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, शून्य.

लिहायला बसल्यावर कळतं की आपण काय गृहीत धरून गात होतो. यमनमधली एक बंदीश नवव्या मात्रेपासून उठते, हे गाताना अंगात होतं. पण तीनतालाच्या सोळा घरांत अक्षरं बसवताना कुठलं अक्षर दोन मात्रा थांबतं, ते पहिल्यांदा नीट पाहिलं. वेळ दुपारी जेवणानंतरची, सगळे आडवे होतात तेव्हा. कागद म्हणजे आईने जपून ठेवलेली लग्नपत्रिकांची पाठकोरी पानं. वह्यांची दुकानं बंद आहेत.

अण्णा_नागपूर | १२ एप्रिल, दुपारी ४:३०

उत्तम विषय. कोंडलेपणात मोठं काम उभं राहतं याची आपल्याकडे परंपराच आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत गीतारहस्य लिहून काढलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई पाच दिवसांत लिहिली. आपल्याला तर घर आहे, पंखा आहे, इंटरनेट आहे. तरुणांनी लहान वाटे न घेता काही मोठं मनात धरावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

सुईदोरा | १२ एप्रिल, रात्री ११:५०

अण्णा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मंडालेत टिळकांसाठी स्वयंपाकाला एक कैदी दिलेला होता. त्यांचा दिवस कठीण होता, आजारपण होतं, पण तो दिवस सलग होता. माझा नाही. दोन मुलं, सासूसासरे, नवऱ्याचं आणि माझं दोघांचं ऑफिस घरातून. मावशी येत नाहीत, त्यांना आम्ही पगार देतोय आणि घरीच राहा म्हटलंय, तेच योग्य आहे. पण भांडी, केर, फरशी, तीन वेळचं करणं आणि त्यात मुलीचा झूमवरचा वर्ग. आता बारा वाजत आलेत आणि दिवसभरात मी पहिल्यांदा बसले आहे.

असे मोठ्या माणसांचे दाखले, आणि प्लेगच्या वर्षी घरी बसून न्यूटनने शोध लावले असे ते फॉरवर्ड, वाचले की मला स्फूर्ती येत नाही. वाटतं, सगळं जग काही ना काही घडवतंय आणि मी पोळ्या लाटतेय. काही करावंसं मलाही वाटतं. फार वाटतं. फक्त माझ्याकडे वेळ सुट्या पैशांसारखा येतो, पाच मिनिटं इथे, सात मिनिटं तिथे.

कोरा_कागद | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

सुईदोराताई, तुमच्या प्रतिसादावर काल रात्रभर विचार करत होते.

पहिलं म्हणजे काहीच न करणं ही पूर्ण मान्य गोष्ट आहे. घर चालवणं हे काम आहेच. पण तुम्ही "फार वाटतं" असं लिहिलंत म्हणून विचारते, तुमच्या आयडीत सुईदोरा आहे. शिवता का? काही कामांना सलग तास लागतो, मोडी त्यातली आहे. काही कामं मात्र जिथे ठेवली तिथूनच पुढे उचलता येतात, त्यांना आठवणही ठेवावी लागत नाही. तुमच्या वेळेला दुसऱ्या जातीचं काम शोभेल. टाका घातला आणि उठलात तरी तो टाका तिथेच असतो.

सुईदोरा | १३ एप्रिल, दुपारी २:१०

आजी गोधड्या शिवायची. तिच्या दोन नऊवारी माझ्याकडे आहेत, विरलेल्या. बघते.

अण्णा_नागपूर | १३ एप्रिल, सायंकाळी ६:००

सुईदोरा, तुझं म्हणणं पटलं, बेटा. माझ्या घरी स्वयंपाक सूनबाई करते, आणि टिळकांचं नाव मी आरामखुर्चीत बसून घेतो. आज दुपारची भांडी मी घासली.

तरी एक दाखला देऊ दे, तो कोरा_कागदच्या मुद्द्याच्या बाजूनेच जातो. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. गीतेचे अठरा अध्याय, दर रविवारी एक. २१ फेब्रुवारीला सुरुवात आणि १९ जूनला शेवट, बरोबर अठरा रविवार. ऐकायला बरोबरचे कैदी बसत आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत, त्यातून गीताप्रवचने हे पुस्तक झालं. वाटा लहान, वार ठरलेला, आणि समोर वाट पाहणारी माणसं. पुढचा रविवार चुकवणं अवघड व्हावं अशी ती रचनाच होती.

म्हणून सुचवतो की आपणही इथे रविवारी हजेरी लावू. काय झालं ते दोन ओळींत लिहायचं. झालं नाही तर तसं लिहायचं.

षड्ज | १३ एप्रिल, सायंकाळी ६:२०

अण्णांना अनुमोदन. रविवारचं पक्कं.

बेदाणा | १४ एप्रिल, रात्री ९:४५

आज ३ मेपर्यंत वाढलं सगळ्या देशात. आम्ही तासगाव तालुक्यातले. तुमचं सगळं वाचलं. आमच्याकडं घरात बसणं वगैरे काय नाही, रान आहे, जनावरं आहेत, रोज जावंच लागतं. द्राक्षाला गिऱ्हाईक नाही. व्यापारी येणार होता तो आला नाही, गाडी मिळंना. निम्मा माल बेदाण्याला टाकला. द्रावणात बुडवून (डिपिंग) शेडवर जाळीला पसरलाय, वाळायला पंधरा-वीस दिवस. पाऊस नको यायला एवढीच काळजी.

असल्या दिवसांत कसलं क्रिएटिव्ह, असं वाटलं होतं. पण एक सांगतो. रात्री लाईट गेली की आई बोलत बसती. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, तिच्या आईच्या. आमच्या घरातलं जातं कधीच बंद झालं, आता ते तुळशीजवळ नुसतं पडून आहे. तुमचा धागा वाचून काल तिला म्हणलं, एक म्हण, मी फोनवर घेतो. पहिल्यांदा लाजली. मग "पहिली माझी ओवी" करून सुरू झाली ती थांबंना. मी म्हणलं रोज एकच. उद्याची उद्या.

हे बसतंय का तुमच्या धाग्यात?

कोरा_कागद | १४ एप्रिल, रात्री १०:०५

बसतंय काय, दादा, हेच हवं होतं. आणि मालाचं वाचून फार वाईट वाटलं. पाऊस लांब राहो.

रानजाई | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

बेदाणा, तुम्ही जे करताय ते मोठ्या प्रमाणावर आधी झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. आईंना ऐकवा, त्यांना आणखी आठवतील.

दोन सूचना करते. प्रत्येक ओवीआधी फोनवरच तारीख, आईंचं नाव, माहेरचं गाव बोलून घ्या. नंतर फाइली एकत्र झाल्या की कळत नाही कोणती कुठली. आणि ओवी झाल्यावर लगेच बंद करू नका. ही कुणाकडून ऐकली, कधी म्हणायचे, हे त्या आपणहून सांगतील, तेही राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना आवाज दाबला जातो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा.

मी अजून काहीच धरलेलं नाही, पण तुमच्यामुळे सुचतंय.

दहावी_अ | १५ एप्रिल, दुपारी १२:४०

मी इथे लिहिलं तर चालेल का? आई या साइटवर असते, तिच्याकडून धागा कळला. आमचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला होता आणि परवाच्या रविवारी रद्दच झाल्याचं सांगितलं. अभ्यास करून ठेवला होता. आता सुट्टी आहे पण सुट्टीसारखं वाटत नाही.

मला कादंबरी लिहायची आहे. इंटरनेटवर वाचलं की नोव्हेंबरमध्ये जगभरातले लोक एका महिन्यात ५०,००० शब्द लिहितात. मी तसं करायचं ठरवलंय. रोजचे १,६६७ होतात. काल ४०० झाले आणि रडू आलं.

कोरा_कागद | १५ एप्रिल, दुपारी १:३०

अगं, ४०० खूप झाले! तो उपक्रम १९९९ मध्ये सुरू झाला, आणि मोठ्यांपैकीही कितीतरी जण आकडा गाठत नाहीत. तू शाईने लिहितेस की टाईप करतेस? वहीत लिहीत असशील तर रोज एक पान. भरलं की पेन खाली. जास्त सुचलं तरी थांब, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची ते माहीत असतं. हेमिंग्वे तसंच करायचे, पुढे काय होणार ते ठाऊक असतानाच थांबायचं. नुसते शब्द मोजलेस तर "खूप खूप खूप" लिहायचा मोह होतो.

दहावी_अ | १५ एप्रिल, दुपारी १:३४

वहीत. एक पान चालेल.

मनकवडा | १६ एप्रिल, रात्री ८:२०

"२१ दिवसांत सवय लागते" हे वाक्य टाळेबंदीच्या २१ दिवसांना जोडून सगळीकडे फिरलं, म्हणून थोडं लिहितो. ते मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. १९६० च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की चेहरा बदलल्यावर रुग्णाला त्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. ते रोजच्या कामाच्या सवयीबद्दल नव्हतं, आणि पुढे "निदान" गळून पडलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. प्रत्येकाने एक साधी कृती निवडून ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडायची, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. ती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. मला त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही वाटते की एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

कोरा_कागद यांचं "चहा झाला की" हे सूत्र याच अंगाने बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी दाखवलं की "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवणारे, नुसतं "मी करीन" म्हणणाऱ्यांपेक्षा काम जास्त पार पाडतात. घड्याळाची वेळ मात्र सध्या धरू नये. सगळ्यांच्या घरातली घड्याळं विस्कटली आहेत, पण चहा होतोच.

विंगेत_उभा | १७ एप्रिल, रात्री २:१५

सगळ्यांचं वाचतोय. मी नाटकाच्या मागे काम करतो, लाईट्स. मार्चच्या मध्यापासून प्रयोग बंद. आम्हाला नाइट, म्हणजे प्रयोगामागे पैसे, मिळते, प्रयोग नाही तर पैसे नाहीत. घरमालक चांगला आहे, पण किती दिवस. लोक म्हणतात तू कलाकार माणूस, या वेळात काहीतरी कर. मला आत काही हलत नाही. दिवसभर पडून असतो. इथे कुणी असं आहे का?

सुईदोरा | १७ एप्रिल, सकाळी ६:५०

आहे. बरेच आहेत, ते लिहीत नाहीत एवढंच. तुम्ही काही करू नका. भाड्याची चिंता डोक्यावर असताना चित्र काढ, कविता लिही असं सांगणं क्रूर आहे. रेशनची अडचण असेल तर संकोच न करता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुंबईत किराणा पोचवणारी काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

षड्ज | १७ एप्रिल, सकाळी १०:००

दादा, रात्री झोप लागत नसेल तर इथे येऊन नुसते गप्पा मारा. मीही जागा असतो.

विंगेत_उभा | १७ एप्रिल, रात्री ९:३०

व्यनि केला, ताई. उत्तर पण आलं. आभार.

लेस्टरकर | १९ एप्रिल, दुपारी ३:००

आज रविवार म्हणून हजेरी. आमच्याकडे इंग्लंडमध्ये २३ मार्चपासून घरी राहायचं आहे. व्यायामासाठी दिवसातून एकदा बाहेर पडता येतं. मी तेवढ्यावर काम बेतलं. गल्लीच्या टोकाला हॉर्स चेस्टनटचं झाड आहे. रोज त्याच झाडाचं पेन्सिलीने एक चित्र, उभ्याउभ्या, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर.

तेच झाड कशाला, असं मुलगा विचारतो. पहिल्या दिवशी चिकट, तपकिरी कळ्या होत्या. मग त्यातून पानं बाहेर आली ती मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबणारी. आता ती हाताच्या पंजासारखी उघडली आहेत, एका देठाला पाच-सात पाती. मला इथे राहून कितीतरी वर्षं झाली, पण वसंत येतो तो असा टप्प्याटप्प्याने, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कामाच्या वाटेवर तेच झाड गाडीतून दिसायचं.

विषय बदलायचा नाही, हे ठरवल्यामुळे "आज काय काढू" हा प्रश्नच उरत नाही. माझ्यासारख्या चंचल माणसाला याचा फार उपयोग झाला.

पुण्याला आई एकटी आहे. तिला रोज त्या चित्राचा फोटो पाठवतो. पूर्वी फोनवर "जेवलास का, जेवलीस का" यापुढे आमचं बोलणं जात नसे. आता ती विचारते, ती उजवीकडची फांदी आज का नाही?

रानजाई | १९ एप्रिल, दुपारी ३:४०

काय सुंदर. मीही आज धरलं एकदाचं. ठाण्यात आमच्या सज्जासमोर पिंपळ आहे. रोज संध्याकाळी तिथे कोणते पक्षी आले ते नावानिशी टिपायचं. रहदारी थांबल्यापासून आवाज स्पष्ट येतात, तांबट तर दिवसभर ठोकत असतो. नाव माहीत नसेल तर वर्णन, आणि नाव कळेपर्यंत शोध.

सुईदोरा | १९ एप्रिल, रात्री ११:३०

हजेरी. आजीच्या साडीचे पदर उसवून खालचा थर केला, वर मुलांच्या लहान झालेल्या कपड्यांचे तुकडे. काठाकाठाने धावदोरा घालत आत यायचं. रोज ठराविक रांगा असं काही मी ठरवलेलं नाही. मी ठरवलंय की सुईत दोरा ओवलेला ठेवूनच उठायचं. पुढच्या वेळी पाच मिनिटं मिळाली तर त्यातली दोन दोरा ओवण्यात जाऊ नयेत म्हणून. कुकरच्या तीन शिट्ट्यांत बरंच पुढे जातं.

सासूबाई पलीकडच्या काठाने शिवू लागल्या आहेत. त्यांचे टाके माझ्याहून बारीक आहेत.

अण्णा_नागपूर | १९ एप्रिल, रात्री ११:४५

हा ओवलेल्या दोऱ्याचा विचार मला फार आवडला. मी आठवणी लिहितोय, नातवासाठी. आता वहीवर पेन उघडं ठेवून, पुढच्या दिवसाचा पहिला शब्द लिहून उठेन.

बेदाणा | २६ एप्रिल, रात्री ९:००

आज अक्षय्य तृतीया. बेदाणा निम्मा वाळला. ओव्या चालू आहेत. रानजाईताई, पारीवरच्या आईला ऐकवल्या. एक बाई म्हणत होती ती ओवी आईला वेगळी येती, दुसरी ओळ निराळी. आई म्हणली, "तिचं चुकलं न्हाई, आमच्या गावाकडं अशी म्हणत्यात." आता शेजारची काकू पण येऊन बसती, लांब, तोंडाला पदर लावून. बायकोनं सगळं वहीत उतरवायला घेतलंय. माझं काम फक्त फोन धरायचं राहिलं.

दहावी_अ | ३ मे, सकाळी १०:२०

हजेरी. पानं चालू आहेत. पण गोष्ट मध्येच बदलली. आधी एका राजकन्येची होती, आता कोकणातल्या आजीच्या घराची आहे, कारण यंदा मे महिन्यात तिकडे जाता येणार नाही. तिथली विहीर कुठल्या बाजूला आहे ते आठवत नव्हतं, म्हणून आजीला फोन केला. ती दीड तास बोलली. असं बदललं तर चालतं का? ठरवलेलं मोडलं असं होतं का?

कोरा_कागद | ३ मे, सकाळी ११:००

तू रोज एक पान ठरवलं होतंस. ते चालू आहे. त्यात काय लिहायचं ते तुझ्या हातात. आजीने सांगितलेलं वेगळ्या वहीत टिपून ठेव, तारखेसकट.

मनकवडा | १७ मे, सायंकाळी ५:१५

आज ३१ मेपर्यंत वाढल्याचं आलं. पण काही ठिकाणी कामं सुरू होताहेत, म्हणून पुढचा प्रश्न मांडतो. ऑफिस उघडल्यावर ही कामं टिकणार कशी? चहा तोच राहील, पण त्याच्यानंतरचा तास जाईल.

षड्ज | १७ मे, सायंकाळी ७:०५

मी आताच वाटा कमी करून ठेवलाय. लोकल सुरू झाली की जाऊन-येऊन तीन तास प्रवास. लिहिणं गाडीत जमणार नाही, पण ऐकणं जमेल. म्हणून सध्या लिहून झालेल्या बंदिशी फोनमध्ये म्हणून ठेवतोय, हळू आवाजात. पुढे गाडीत ऐकायच्या आणि लिपीशी ताडून पाहायच्या. नवीन बंदीश फक्त रविवारी.

लेस्टरकर | १७ मे, रात्री ८:३०

झाड फुललंय. पांढरे, मेणबत्त्यांसारखे उभे तुरे, प्रत्येक फुलात पिवळा-गुलाबी ठिपका. पेन्सिलीने ते दाखवता येईना म्हणून मुलाच्या रंगपेटीतले रंग घेतले. कामावर रोज जायला लागलो की आठवड्यातून एकदा, शनिवारी. आईला सांगून ठेवलंय, ती शनिवारी विचारेलच.

सुईदोरा | १७ मे, रात्री ११:४०

मावशी येऊ लागल्या की वेळ थोडा वाढेल असं वाटतंय, पण मी काम वाढवणार नाही. गोधडीचा मधला चौकोन उरलाय. तिथे आजीच्या साडीचा काठ लावायचा की मुलांचे तुकडे, यावर घरात दोन पक्ष आहेत.

कोरा_कागद | २४ मे, सकाळी ८:००

एक मदत हवी आहे, मोडी जाणणारं कुणी असेल तर. एका खरेदीखताच्या शेवटी सह्यांच्या जागी दोन नावं आहेत. पहिल्यासमोर "निशाणी नांगर" असं स्वच्छ वाचता येतं आणि खाली नांगराची छोटी आकृती आहे. दुसऱ्या नावासमोर "निशाणी" आहे, पुढचा शब्द शाई पसरून गेलाय. सुरुवात "बां" सारखी दिसते. आकृती नुसती गोल, थोडी एका बाजूला तुटलेली. नाव बाईचं वाटतंय, पण शेवटचं अक्षर "ई" की दुसरं काही, ते कळत नाही.

अण्णा_नागपूर | २४ मे, सकाळी ९:१०

बांगडी. सही न येणारा शेतकरी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. म्हणजे नाव बाईचंच. ओळ अशी असावी: नाव, मग "निशाणी बांगडी". तिचं नाव वडिलांच्या घराण्यातल्या कुणाशी जुळतं का, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

कोरा_कागद | २४ मे, रात्री ९:२५

विचारलं. बाबांच्या पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आत्याने फोनवर सांगितलं, आणि ते या नावाशी जुळतं. अण्णा, मनापासून आभार. आत्याला आता सगळे कागद पाहायचे आहेत, म्हणून उद्यापासून तिला रोजची ओळ फोटोसकट पाठवणार आहे. तिला मोडी येत नाही, पण नावं येतात.